वैशाखाचा दर्या, छोटी होडी आणि गरी: वाचकांचे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत गरवायला (गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडायला) जाणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. बहुतेकांची होडी 16 ते 22 फुटांची, मागे 8-10 अश्वशक्तीचं इंजिन, आणि जायचं ते किनाऱ्यापासून तीन-चार मैलांतल्या खडपांवर (पाण्याखालच्या खडकांवर). उत्तरं त्याच बेताने दिली आहेत.

प्रश्न (देवगड): आम्ही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास 7-8 वाव (13-15 मीटर) पाण्यात तळाची गरी टाकतो. 150 ग्रॅमचं शिसंही तळाला राहत नाही. शिसं वाढवावं की दिवस बदलावा?

उत्तर: दिवस बदला. उधाणाला भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, पण दोन्हींना वेळ तेवढाच, सव्वासहा तासांच्या आसपास. तेवढ्याच वेळात जास्त पाणी सरकायचं म्हणजे ओढ वाढणारच. ओढीत तंगुसाला (गरीच्या नायलॉनच्या दोरीला) पोट सुटतं आणि ते पोट शिशाला तळावरून उचलतं. 300 ग्रॅम लावलंत तर शिसं बसेल, पण मासा टोचल्याचं हाताला कळणार नाही.

तळाच्या मासेमारीला शुद्ध किंवा वद्य चतुर्थी ते षष्ठी हे दिवस आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात, आणि त्याचं कारण नुसती मंद ओढ नाही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दक्षिणेला भरती आधी येते, म्हणून देवगड-मालवणकडे त्यातून तासभर वजा करा: पहाटे पावणेतीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). आता सकाळ मांडून पाहा. पाच वाजता निघालात तर ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि मतलई वाराही जमिनीकडून बाहेर वाहतोय. दोन्ही एका दिशेला, म्हणून पाणी सपाट. साडेआठ ते साडेनऊ ओढ जवळजवळ थांबते, तेव्हा 80-100 ग्रॅम शिशावर काम भागतं. दहाला परत फिरलात की भरतीचं पाणी खाडीत शिरायला लागलेलं असतं, म्हणजे होडी पाण्याबरोबर आत येते. अष्टमी-नवमीला ओढ याहूनही मंद, पण त्या दिवसांत परतायच्या वेळी पाणी अजून उतरत असतं आणि खाडीच्या तोंडावर अंगाशी येतं. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

पाऊणपटीचा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. निघायचं नक्की करण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात जवळच्या बंदराची वेळ बघाच.

प्रश्न (अंजर्ले): सकाळी खाडीच्या तोंडावर पाणी शांत असतं. बारा-एकला परतताना त्याच जागी लाटा फुटत असतात. वारा तर फार नसतो. असं का, आणि आत यायचं कसं?

उत्तर: तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी येतात. खाडीच्या तोंडावर रेतीचा दांडा असतो. बाहेरून येणाऱ्या लाटेचा पाय त्या उथळ रेतीला लागला की ती वेग गमावते आणि उभी राहते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीपर्यंत उतरली की फुटते. दुसरं, ओहोटी. बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला अडवतं, त्यामुळे लाटा एकमेकींजवळ येतात आणि चढ आणखी उभा होतो. तिसरं, वैशाखातला दुपारचा वायव्येचा वारा. तो साधारण अकरानंतर जोर धरतो आणि ओहोटीच्या विरुद्ध वाहतो. तुम्हाला अंगावर वारा फार वाटत नाही, कारण परतताना तो पाठीमागून असतो.

ओहोटीतली सगळी वेळ सारखी वाईट नसते. पाणी 2.4 मीटर उतरणार असेल, तर पहिल्या तासात 20 सेंटिमीटर उतरतं, दुसऱ्यात 40, तिसऱ्यात आणि चौथ्यात 60-60, मग पुन्हा 40 आणि 20. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत जातं. त्या दोन तासांत दांडा ओलांडायचा नाही. बाहेर सहा-सात वाव पाण्यात नांगर टाकून थांबा. दोन तास ऊन खाल्लं तरी चालेल. यासाठीच माणशी तीन लिटर पाणी आणि एक कापडी छत होडीत असावं.

ओलांडायची वेळ आली की आधी बाहेर थांबून दहा मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने येतात, मग थोडी उसंत मिळते. पाणी कुठे पांढरं होतंय आणि कुठे काळसर राहतंय ते पाहा. काळसर पट्टा म्हणजे खोल पाण्याची वाट. ती दर पावसाळ्यानंतर सरकते, गेल्या वर्षीच्या खुणेवर विसंबू नका. सगळ्यांच्या अंगात जॅकेट, नांगर आणि दोर बांधलेले, नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) कोणी बसलेलं नाही. नाळ जड झाली की ती पुढच्या लाटेच्या पायथ्यात घुसते.

घोळक्यातली शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीमागे लागा आणि तिच्याच वेगाने, तिच्या पाठीवर राहून आत या. वेग वाढवून तिच्या माथ्यावरून पुढे उतरलात तर होडी उतारावरून घसरते, सुकाणू ऐकत नाही, होडी आडवी होते आणि मागची लाट तिला पालथी घालते. वेग कमी पडला तर मागून येणारी लाट थेट इंजिनावर फुटते. छोट्या होडीचे बहुतेक अपघात या दोन चुकांतले आहेत. अध्येमध्ये मन बदलून होडी वळवायला जाऊ नका. एकदा दांड्यावर आलात की आतच यायचं.

तुमच्या जागी आम्ही दहापर्यंत तोंडावर परत येण्याचा नियम करू. बाराची वेळच मुळात चुकीची आहे.

प्रश्न (मालवण): खडपावर नांगर टाकला की अडकतो. या मोसमात दोन नांगर कापून द्यावे लागले. वाळूत टाकला तर होडी घसरते.

उत्तर: नांगराचा दोर बांधायची जागा बदला. साधारणपणे साखळी नांगराच्या वरच्या कडीला बांधतात, त्यामुळे ओढ नेहमी दांडीच्या दिशेने बसते आणि खडकात घुसलेला आकडा आणखी घट्ट होतो. त्याऐवजी साखळी नांगराच्या बुडाला, जिथे चारही आकडे एकत्र येतात तिथे, शॅकलने (पेचाच्या कडीने) पक्की करा. मग ती दांडीच्या बाजूने वर आणा आणि वरच्या कडीला पातळ सुतळीचे तीन-चार वेढे देऊन बांधा. रोजच्या ओढीला सुतळी टिकते. नांगर अडकला की दोर नाळेच्या खुंटीला घ्या, होडी हळूहळू पुढे न्या आणि ताण द्या. सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा होऊन निघतो. सुतळी किती जाड हे आधी किनाऱ्यावर दोन माणसांनी ओढून ठरवा. फार जाड घेतलीत तर तुटणारच नाही, फार बारीक घेतलीत तर पहिल्या लाटेला नांगर सुटेल. याच कारणाने ही बांधणी होडीत माणूस जागा असतानाच वापरायची.

खडपासाठी 8-10 मिलिमीटरच्या सळीचा चार आकड्यांचा नांगर पुरतो. सळी जोराने ओढली तर सरळ होते आणि सुटते. घरी आणून पुन्हा वाकवता येते. जाड सळीचा नांगर खडपात मात्र कायमचा राहतो.

वाळूत घसरतो त्याचं कारण बहुधा तोकडा दोर. सहा वाव म्हणजे सुमारे 11 मीटर पाणी. त्याला पाचपट, म्हणजे निदान 55 मीटर दोर सोडावा लागतो आणि नांगराजवळ 3 मीटर साखळी हवी, म्हणजे ओढ आडवी लागते. दोर 12 मिलिमीटरचा घ्या. बारीकही टिकेल, पण ओल्या हाताने ओढताना तळवे कापतो. नांगर कायम नाळेवरून टाकायचा. मागून टाकलात तर इंजिनाचं वजन, दोराची ओढ आणि लाट एकत्र येऊन मागची बाजू पाण्याखाली जाते.

मालवणकरांसाठी आणखी एक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे आणि त्याच्या गाभ्याच्या भागात मासेमारीला बंदी आहे. तिथे खाली प्रवाळ आहे. आकड्यांचा नांगर एकदा फरफटला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. तिथे नांगर टाकूच नका, बाहेरच्या मोकळ्या खडपांवर जा.

प्रश्न (पुणे, सुट्टीत गुहागरला गरवणारे): तांबोशी आणि गोबरा लागतो, पण निम्म्या वेळा खडपात घुसतो आणि सगळं तुटून जातं. जुळणी कशी असावी?

उत्तर: शिसं सगळ्यात खाली, गऱ्या वर. मुख्य तंगूस 0.70 मिलिमीटर. त्याला स्विव्हल (फिरती कडी), पुढे त्याच जाडीचा सव्वा मीटरचा तुकडा. या तुकड्याच्या खालच्या टोकापासून 40 आणि 90 सेंटिमीटरवर दोन फांद्या, प्रत्येकी 20-25 सेंटिमीटर लांबीच्या. फांद्या लांब केल्या की मुख्य तंगुसाला गुंडाळतात. शिसं मात्र 0.35 मिलिमीटरच्या बारीक तंगुसाने, वीतभर अंतरावर बांधा. खडपात अडकतं ते बहुधा शिसंच. मग बारीक तुकडा तुटतो, 100 ग्रॅम शिसं जातं, पण गऱ्या आणि मासा वर येतो.

गरी वर्तुळाकार घ्या. तिला झटका द्यायचा नसतो. मासा ओढायला लागला की दोरी सावकाश ताणायची, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. सवयीने झटका दिलात तर तोंडातून निसटून येते आणि लोक गरीला दोष देतात. आमिष लावताना गरीचं टोक उघडं राहील असं बघा.

खरी लढत पहिल्या दोन मीटरची. शिसं तळाला लागल्याचं कळलं की लगेच हातभर उचलून धरा. मासा लागताच न थांबता दोन-तीन हात दोरी आत घ्या. गोबऱ्याला तेवढी उसंत मिळाली की तो बिळात शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. तसा बसलाच तर ओढत राहू नका. दोरी पूर्ण ढिली सोडा, पाच मिनिटं थांबा. बरेचदा तो स्वतः बाहेर येतो. हातदोरी कधीही पंजाभोवती गुंडाळून धरू नका; बोटांना रबरी नळीचे तुकडे चढवा.

प्रश्न (रत्नागिरी): जिवंत कोलंबी बादलीत तासाभरात मरते. बर्फ टाकूनही उपयोग होत नाही.

उत्तर: बर्फानेच मरते आहे. बर्फ वितळला की गोडं पाणी होतं आणि बादलीतला खारटपणा उतरतो. प्लास्टिकच्या बंद बाटलीत पाणी गोठवून ती बाटली बादलीत सोडा. एकदम फार थंडही करू नका, पाणी हाताला जरा गार लागलं की बाटली काढा. 20 लिटर पाण्यात 25-30 पेक्षा जास्त कोलंबी नको. बॅटरीवरचा हवेचा पंप लावा आणि दर अर्ध्या तासाने एक तृतीयांश पाणी बदला. मेलेली लगेच काढा, ती बाकीच्यांना मारते. झाकण म्हणून ओलं गोणपाट उत्तम.

गरीला लावताना कोलंबीच्या डोक्यावरच्या करवतीच्या खाली, पारदर्शक कवचातून एक गडद ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला न लावता, त्याच्या पुढून गरी आडवी काढा. कोलंबी मग बराच वेळ पाय हलवत राहते. ठिपक्यातून गेली तर तत्काळ संपते.

प्रश्न (श्रीवर्धन): होडीमागे बांगडा ओढताना सुरमई शेपटाकडचा अर्धा भाग कापून नेते, गरी तशीच राहते. कधी तंगूसच कापलेला येतो.

उत्तर: सुरमई आधी शेपूट कापते, म्हणजे भक्ष्य पळू शकत नाही, मग वळून उरलेलं खाते. म्हणून दोन गऱ्या हव्यात: एक बांगड्याच्या नाकातून, दुसरी 10-12 सेंटिमीटर तारेने तिच्याशी जोडून शेपटाच्या अलीकडे. मुख्य तारेचा तुकडा 25-30 सेंटिमीटर पुरे. त्याहून लांब किंवा जाड तार वैशाखातल्या नितळ पाण्यात माशाला दिसते. बांगडा असेल तर होडी ताशी 2 सागरी मैल, त्याहून जोरात नाही. बांगडा गरगर फिरायला लागला की वेग जास्त आहे असं समजा. नकली मासा असेल तर 4-5 मैल चालतं. मासा लागल्यावर इंजिन एकदम बंद करू नका, दोरी ढिली पडते आणि गरी सुटते. रीळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवा: 18 किलोच्या तंगुसाला साडेचार किलो, स्प्रिंगकाट्याने मोजून.

प्रश्न (वेंगुर्ले): इंजिन किनाऱ्यावर उत्तम चालतं, समुद्रात दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू.

उत्तर: पहिल्यांदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी होते, पेट्रोल येईनासं होतं आणि थांबल्यावर हवा झिरपली की इंजिन पुन्हा चालतं. नळीवरचा रबरी पंप चपटा झालेला असेल तर हेच कारण. पंप फुगलेला आणि कडक असेल तर अडचण पुढे, गाळणीत किंवा कार्बोरेटरमध्ये.

दुसरा संशय पेट्रोलमधल्या पाण्याचा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि एका मर्यादेनंतर ते पाणी इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं. अर्धी टाकी महिनाभर पडून राहिली असेल तर ती रिकामी करा. पारदर्शक भांड्याची गाळणी बसवा, तळाचा वेगळा थर डोळ्यांना दिसतो. टू-स्ट्रोक इंजिनाला सर्वसाधारण प्रमाण लिटरला 20 मिलिलिटर तेल, तरी तुमच्या इंजिनाची पुस्तिका सांगेल तेच धरा. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार दर काही मिनिटांनी पाहायची सवय लावा. धार थांबली की इंजिन तत्काळ बंद. बहुतेक वेळा खाली प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. पिशवी नसेल तर पंपाचं रबरी चक्र झिजलंय.

वल्ही नेहमी होडीत. इंधनाचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव.

प्रश्न (अलिबाग): गेदर (ट्यूना) आणि बांगडा खाल्ल्यावर दोघांचं अंग लाल झालं, डोकं दुखलं. मासा ताजाच होता.

उत्तर: पकडलेला ताजा होता, पण मधले तास उन्हात गेले असणार. गेदर, बांगडा, सुरमई यांच्या मांसात उष्णतेने जिवाणू वाढून हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही आणि वासही येईलच असं नाही. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट डॉक्टरकडे. पुढच्या वेळी मासा वर येताच मारा, कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ द्या आणि खोक्यात घाला. दोन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी, आणि बर्फ माशाच्या वजनाइतका तरी. नुसत्या लादीवर ठेवलेला मासा वरून गरमच राहतो.

प्रश्न (वास्को): शिंगाळ्याचा काटा लागला तर होडीत काय करावं?

उत्तर: पाकट आणि शिंगाळा दोन्हींना एकच उपाय: सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, हात किंवा पाय 30 ते 90 मिनिटं. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. यासाठी गरम पाण्याचा एक थर्मास ठेवा. काटा आत तुटला असेल तर किनाऱ्यावर काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा उपटायचा नाही, तसंच रुग्णालयात न्यायचं.

प्रश्न (हर्णै): मासेमारीची बंदी 1 जूनपासून. मग 31 मेपर्यंत जायला हरकत नाही ना?

उत्तर: कायद्याची नाही, समुद्राची आहे. 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक नौकांवरची बंदी आहे, आणि दरवर्षीची अधिसूचना वाचून तारखा पडताळाव्यात. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर छोटी होडी वर ओढलेली बरी. दूर नैर्ऋत्येला पाऊस आणि वारा सुरू झाला की त्याच्या लाटा आपल्याकडे वाऱ्याच्या आधी पोहोचतात. किनाऱ्यावर उभं राहून दोन लाटांमधलं अंतर मोजा. वारा नसताना ते 14-16 सेकंदांवर गेलं की ती लांबून आलेली लाट आहे. बाहेर ती जाणवतही नाही, दांड्यावर आणि खडपावर मात्र अचानक फुटते. वळवाचं वादळ दुपारनंतर सह्याद्रीकडून येतं आणि होडीला बाहेर ढकलतं. पूर्वेला काळे ढग उभे राहिले की दोऱ्या आवरा.

चक्रीवादळांचाही हाच काळ. 2021 च्या मेमध्ये तौक्ते कोकणाला घासत गेलं, 3 जून 2020 ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इनकॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा दोन्ही पाहा. बंदरावर 3 नंबरचा धोक्याचा बावटा असेल तर जायचं नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आणि व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनेल होडीच्या आतल्या फळीवर रंगवून ठेवा, आणि कुठल्या खडपावर जाताय व किती वाजता परत येणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्याने 1554 ला कळवायचं, हेही त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.